जुन्या अमेरिकन पिकअपचा मूळ एअर क्लीनर कसा ओळखावा

जुन्या पिकअपचे बॉनेट उघडले की सर्वांत आधी कार्बोरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागावर, बसवलेला काळा डबा, म्हणजेच इंजिनात जाणारी हवा गाळणारा एअर क्लीनर, नजरेत भरतो, आणि गाडीच्या आयुष्यात सर्वाधिक वेळा बदलला गेलेला भागही बहुधा तोच असतो. कार्बोरेटरला हात लावायचा म्हणजे आधी हा क्लीनर काढावा लागतो; तो एका पंखी नटावर किंवा एका क्लॅम्पवर बसलेला असल्यामुळे क्षणात निघतो, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि पुढे भंगारात जातो. इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल कारखान्यातून आले तसेच शाबूत, पण एअर क्लीनर मात्र दुसऱ्याच गाडीचा, अशा अवस्थेतील कितीतरी पिकअप त्यामुळे विक्रीला येतात, आणि विकणारा प्रामाणिकपणे "सगळे ओरिजिनल आहे" असे सांगत असतो, कारण त्याने गाडी घेतली तेव्हाही तोच डबा तिच्यावर होता.

या लेखात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन अर्ध्या टनाच्या पिकअप गाड्यांचा विचार केला आहे. मुख्यतः १९४७ ते १९५५ या काळातील शेव्हरोलेटची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका आणि त्याच सुमाराची फोर्डची एफ-१ व तिच्यानंतरची एफ-१००. डॉज किंवा विलीज पिकअपसाठी आकडे आणि खुणा वेगळ्या असल्या, तरी तपासणीचा क्रम हाच ठेवावा. आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला होता, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज गाड्यांची जोडणी केली. त्या काळातील जी वाहने अजून टिकून आहेत, त्यांतील अनेकांना पुढे डिझेल इंजिन बसवले गेले, आणि तसे झाले असेल तर कार्बोरेटरबरोबर मूळ एअर क्लीनरही गेलेला असतो. अशी गाडी पुन्हा पेट्रोल इंजिनावर आणायची असेल, तर पुढील सर्व पायऱ्या अगदी पहिल्यापासून कराव्या लागतात.

तपासणीला लागण्यापूर्वी ‘मूळचा’ या शब्दाने आपल्याला काय म्हणायचे आहे ते ठरवावे, कारण व्यवहारात तो चार वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. पहिली वस्तू म्हणजे त्याच गाडीवर कारखान्यात बसवलेला क्लीनर. दुसरी, त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या दुसऱ्या गाडीवरून काढलेला क्लीनर. तिसरी, कंपनीने नंतर सुट्या भागांच्या विभागातून विकलेला क्लीनर, जो आकाराने तसाच असला तरी क्रमांकाने आणि बारीकसारीक तपशिलांत वेगळा असू शकतो. चौथी म्हणजे अलीकडे तयार केलेली हुबेहूब प्रतिकृती. यांपैकी पहिल्या वस्तूविषयी खात्रीने बोलण्यासाठी गाडीचा सलग इतिहास किंवा जुनी छायाचित्रे लागतात. निव्वळ डब्याकडे पाहून त्याबद्दल छातीठोक विधान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी, तिसरी आणि चौथी वस्तू मात्र काळजीपूर्वक पाहिल्यास एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात, आणि पुढील सर्व विवेचन त्यासाठीच आहे. त्यात एक सूत्र सतत पाळले आहे: ज्या खुणेची नक्कल करणे सर्वांत कठीण, ती आधी तपासावी. रंग आणि स्टिकर म्हणूनच शेवटी येतात.

पहिली पायरी: आधी इंजिन ओळखा

एअर क्लीनर गाडीच्या मॉडेलवर ठरत नाही. तो इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या जोडीवर ठरतो. म्हणून गाडी कोणत्या वर्षाची आहे आणि तिच्यात आज असलेले इंजिन त्याच वर्षाचे आहे का, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. शेव्हरोलेटच्या ३१०० या अर्ध्या टनाच्या मालिकेत केबिनच्या दाराजवळील पाटीवर अनुक्रमांक असतो. त्यातील पहिला अंक किंवा दोन अंक कारखाना सांगतात (१ म्हणजे फ्लिंट, ३ म्हणजे सेंट लुईस, ५ म्हणजे कॅन्सस सिटी, ६ म्हणजे ओकलंड), आणि त्यानंतरची दोन अक्षरे वर्ष व मालिका सांगतात: १९४७ साठी ईपी, १९४८ साठी एफपी, १९४९ साठी जीपी, १९५० साठी एचपी, १९५१ साठी जेपी आणि १९५२ साठी केपी.

त्यानंतर इंजिनाकडे वळावे. या गाड्यांत सुरुवातीला २१६ घन इंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन होते, आणि १९५४ पासून हलक्या पिकअपमध्ये २३५ घन इंचाचे इंजिन आले. रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे लांबट झाकण, हे लांबून दिसणारे चिन्ह आहे. १९५३ पर्यंतच्या इंजिनांचे कव्हर वरच्या बाजूने मध्यरेषेवरील दोन नटांनी आवळलेले असते, तर १९५४ पासूनचे कव्हर कडेच्या चार स्क्रूंनी बसवलेले असते. तसेच जुन्या इंजिनाचे बाजूचे झाकण उंच, म्हणजे स्पार्क प्लगच्याही वर जाणारे असते. नव्याचे झाकण प्लगच्या खालीच थांबते. मात्र मोठ्या ट्रकमध्ये १९५४ च्या आधीही २३५ इंजिन वापरले जात असे आणि तेही बाहेरून २१६ सारखेच दिसते, त्यामुळे निव्वळ झाकणावरून निर्णय न देता ब्लॉकवरील ओतीव क्रमांक आणि ओतकामाची तारीख वाचावी. ही तारीख महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक अशा क्रमाने असते: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. ‘डी १२ ०’ असे दिसले तर ब्लॉक १२ एप्रिलला ओतला आणि वर्षाच्या शेवटी शून्य आहे, एवढेच कळते. ते १९४० की १९५० हे इंजिनाच्या प्रकारावरून ठरवावे लागते. इंजिनाचा ठोकलेला क्रमांक उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट जागेवर असतो.

फोर्डच्या बाबतीत १९४८ ते १९५२ या एफ-१ काळात ट्रकचे २३९ घन इंचाचे फ्लॅटहेड (झडपा माथ्यात नसून ब्लॉकमध्ये असलेले) व्ही-८ इंजिन ‘८आरटी’ या खुणेने ओळखले जाते आणि मोटारींचे तसलेच इंजिन ‘८बीए’ या खुणेने. दोन्ही इंजिने एकमेकांच्या जागी बसतात, आणि भंगारवाल्यांनी ती बसवलीही. म्हणून ट्रकमध्ये ‘८बीए’ आढळले तर त्याच्याबरोबर मोटारीचा एअर क्लीनरही आला असण्याची शक्यता धरून चालावे. १९५३ मध्ये एफ-१०० हे नाव आले, आणि १९५४ मध्ये फ्लॅटहेडच्या जागी ‘वाय-ब्लॉक’ व्ही-८ आले.

दुसरी पायरी: धुण्याआधी पाहा

डबा हातात आला की रॉकेल आणि ब्रश घेऊन बसण्याचा मोह होतो, तो आवरावा. मळ हा पुरावा आहे. कार्बोरेटरच्या तोंडाभोवती क्लीनरच्या तळाचा गोल ठसा उमटलेला असतो, आणि आज बसवलेल्या क्लीनरचा तळ त्या ठशाशी जुळत नसेल, तर पूर्वी येथे दुसरा क्लीनर होता हे निश्चित झाले. तसाच ठसा बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाच्या वाफेने किंवा घासण्याने उमटू शकतो. इंजिनावरील रिकामे बोल्ट, वापरात नसलेली छिद्रे आणि रंग न लागलेल्या पट्ट्या यांचीही नोंद घ्यावी, कारण जड क्लीनरला आधाराची पट्टी असे आणि पट्टी हरवली तरी तिची जागा राहते. सर्व बाजूंनी, तळाकडूनही, उजेड तिरपा पाडून छायाचित्रे घ्यावीत. सरळ उजेडात न दिसणारा पुसट ठोकलेला क्रमांक तिरप्या उजेडात वाचता येतो.

तिसरी पायरी: गाळण्याची पद्धत ठरवा

या काळात तीन पद्धती एकामागून एक आल्या, आणि काही वर्षे त्या एकमेकींबरोबर चालल्या. पहिल्या पद्धतीत तेलाने ओली केलेली धातूची जाळी असते. हा क्लीनर बुटका असतो, त्यात तेलाचे भांडे नसते, आणि देखभालीसाठी जाळी रॉकेलमध्ये धुऊन, इंजिन ऑइलमध्ये बुडवून, निथळवून परत बसवतात.

दुसरी पद्धत म्हणजे ऑइल बाथ. हिच्यात खाली तेलाचे भांडे, वर जाळी भरलेले झाकण आणि मधोमध कार्बोरेटरकडे जाणारी नळी असते. झाकणाच्या कडेखालून हवा आत शिरते, भिंतीलगत खाली उतरते, तेलाच्या पृष्ठभागापाशी एकदम उलटी वळून वर जाते आणि जाळीतून मधल्या नळीत येते. हवा वळली तरी धुळीचे जड कण तितक्या चपळाईने वळू शकत नाहीत. ते तेलात पडतात आणि तळाशी चिखल होऊन साचतात. भांड्याच्या आतील भिंतीवर तेलाच्या पातळीची दाबून काढलेली रेषा असते आणि पुष्कळदा तिच्याजवळ तसे लिहिलेलेही असते. ही रेषा मूळ वस्तू ओळखण्यासाठी फार उपयोगी आहे, कारण ती पत्र्यात साच्याने उठवलेली असते आणि घरगुती दुरुस्तीत पुन्हा तयार करता येत नाही.

तिसरी पद्धत कोरड्या, घड्या घातलेल्या कागदाच्या फिल्टरची. अमेरिकन वाहनांत ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पसरली. १९५० सालच्या पिकअपवर कागदी फिल्टरचा डबा दिसला, तर तो कितीही जुनाट आणि गंजलेला असला तरी नंतरचाच आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या गाड्यांच्या जगात ऑइल बाथ क्लीनर दिसायला भारदस्त म्हणून त्याला अधिक मान आहे, आणि त्यामुळे तोच ‘खरा’ असे समजले जाते. प्रत्यक्षात हलक्या शेव्हरोलेट पिकअपवर ओल्या जाळीचा साधा क्लीनर नेहमीचा असे, आणि ऑइल बाथ हा धुळीच्या मुलखात वापरणाऱ्या गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय असे. शेतावर राबलेल्या गाडीवर ऑइल बाथ असणे अगदी स्वाभाविक आहे; पण एखाद्याच्या गाडीवर बुटका जाळीचा क्लीनर आहे म्हणून तो काढून ऑइल बाथ चढवणे म्हणजे कदाचित मूळ वस्तू फेकून देणे होय. जीर्णोद्धार केलेल्या गाड्यांत हे सर्रास घडलेले दिसते.

चौथी पायरी: गळ्याचे माप

मला विचाराल तर संपूर्ण तपासणीत सर्वांत जास्त वेळ येथे घालवावा. क्लीनरचा गळा आणि कार्बोरेटरचे तोंड यांची मापे एकमेकांसाठी ठरवलेली असतात, आणि या ठिकाणी केलेली तडजोड लपवता येत नाही.

आधी कार्बोरेटर तरी योग्य आहे का ते पाहावे. शेव्हरोलेटच्या २१६ इंजिनावर १९४९ पर्यंत कार्टर कंपनीचा डब्ल्यू-१ हा एकतोंडी कार्बोरेटर असे, आणि १९५० पासून जनरल मोटर्सच्याच रोचेस्टर विभागाचा ‘बी’ आला. पुढे दुरुस्तीत कार्टरचा वायएफ किंवा हाती लागेल तो दुसरा कार्बोरेटर अनेक गाड्यांवर चढला, आणि त्याला बसेल असा क्लीनर शोधताना मूळ क्लीनर बाजूला पडला. कार्बोरेटर बदललेला असेल तर आजच्या क्लीनरचा गळा त्याच्याशी जुळतो ही गोष्ट क्लीनरच्या बाजूने नव्हे, विरुद्ध पुरावा ठरते.

माप व्हर्नियर कॅलिपरने घ्यावे. पट्टीने घेतलेल्या मापावर येथे विसंबता येत नाही. कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा, कारण वर्षानुवर्षे क्लॅम्प जास्त आवळल्यामुळे तोंड किंचित लंबगोल झालेले असते. नंतर क्लीनरच्या गळ्याचा आतील व्यास तसाच दोन दिशांनी मोजावा. योग्य जोडी असेल तर क्लॅम्प सैल असताना गळा हाताने, जोर न लावता तोंडावर उतरतो आणि उतरल्यावर डुगडुगत नाही. फोर्ड फ्लॅटहेडच्या स्ट्रॉमबर्ग ९७ आणि हॉली ९४ या दोनतोंडी कार्बोरेटरांचे तोंड २ ५/८ इंच, म्हणजे सुमारे ६६.७ मिलिमीटर असते. नंतरच्या काळात सर्वत्र दिसणाऱ्या चारतोंडी कार्बोरेटरांचे माप ५ १/८ इंच, म्हणजे सुमारे १३०.२ मिलिमीटर असते, आणि बाजारातील चकचकीत क्रोमचे बहुतेक गोल डबे याच मोठ्या मापाला बनवलेले असून लहान तोंडासाठी त्यांच्याबरोबर कमी करणारी कडी दिलेली असते. गळ्यात अशी ॲल्युमिनियमची किंवा रबराची कडी दिसली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला दिसला किंवा गळा कापून पुन्हा वेल्ड केलेला दिसला, तर पुढची तपासणी त्या वस्तूचा खरा मालक कोणती गाडी हे शोधण्यापुरतीच उरते.

माप जुळले तरी दोन गोष्टी राहतात. चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी, पट्टी पूर्ण उघडल्यावर काही कार्बोरेटरांत तोंडाच्या वर डोके काढते. क्लीनर बसवून चोकची तार ओढून-सोडून पाहावी आणि पट्टी कोठे अडत नाही याची खात्री करावी. दुसरे, अनेक कार्बोरेटरांत फ्लोटच्या कप्प्याला (पेट्रोल साठवणाऱ्या भागाला) हवा देणारी छोटी नळी तोंडाच्या आत उघडते. चुकीच्या क्लीनरचा तळ ती नळी झाकतो किंवा तिच्याजवळचा हवेचा दाब बदलतो, आणि मग कारण न सापडणारी काळा धूर सोडण्याची तक्रार सुरू होते. कारखान्यात जोडी म्हणून ठरवलेल्या भागांत ही अडचण येत नाही.

पाचवी पायरी: ठसे, नावे आणि क्रमांक

एअर क्लीनर वाहन कंपनी सहसा स्वतः बनवत नसे. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर तिच्याच एसी विभागाचे किंवा शिकागोच्या युनायटेड स्पेशालिटीज कंपनीचे क्लीनर आढळतात. म्हणून शेव्हरोलेट पिकअपच्या क्लीनरवर शेव्हरोलेटचे नाव नसून ‘एसी’ किंवा ‘युनायटेड’ असे असणे हा दोष नाही. नाव तळाशी, भांड्याच्या बाहेर किंवा झाकणाच्या आतील बाजूस ठोकलेले असू शकते, आणि त्यावर रंगाचे थर असतील तर ते खरवडण्याऐवजी रंग मऊ करणारे द्रावण लावून कापडाने पुसावे. खरवडताना पत्र्यावरचा उथळ ठसा सहज नाहीसा होतो.

फोर्डची क्रमांकपद्धती अधिक बोलकी आहे. फोर्डच्या सर्व भागांत मधला आकडा भागाचा प्रकार सांगतो, आणि ९६०० म्हणजे एअर क्लीनरचा संपूर्ण डबा, तर ९६०१ म्हणजे आतील फिल्टर. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या क्रमांकांत त्याआधी चार चिन्हे येतात: पहिले अक्षर दशकाचे (सी म्हणजे १९६० चे दशक, डी म्हणजे १९७० चे), नंतर वर्षाचा अंक, मग वाहनाचा वर्ग (टी म्हणजे ट्रक), आणि शेवटी आराखडा करणारा विभाग (ई म्हणजे इंजिन). त्यामुळे ‘सी५टीई-९६००’ अशी सुरुवात दिसली तर तो १९६५ साली ट्रकच्या इंजिनासाठी आखलेला एअर क्लीनर आहे. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. एक, हे आराखड्याचे वर्ष आहे, उत्पादनाचे नव्हे. तोच भाग पुढे काही वर्षे बदल न करता वापरला जाऊ शकतो, त्यामुळे १९६७ च्या गाडीवर १९६५ चा क्रमांक असणे चूक नाही, उलट मात्र निश्चित चूक आहे. दोन, भागावर ठोकलेला क्रमांक आणि सुट्या भागांच्या सूचीतील क्रमांक वेगळे असतात. सूचीतील क्रमांकात चौथ्या जागी झेड येतो, आणि तो विक्रीचा क्रमांक असतो. विक्रेत्याने सांगितलेला झेडचा क्रमांक आपल्या डब्यावर सापडत नाही म्हणून डबा खोटा ठरत नाही.

क्रमांक मिळाला की तो कंपनीच्या त्या काळातील मुख्य भागसूचीत शोधावा. सूची वापरताना ती कोणत्या वर्षी छापलेली आहे ते आधी पाहावे. नंतरच्या आवृत्तीत जुना क्रमांक रद्द होऊन त्याऐवजी दुसरा दिलेला असतो, आणि तो दुसरा क्रमांक कारखान्यात कधीच बसलेला नसतो. सूचीपेक्षा कारखान्यातील जोडणीची पुस्तिका अधिक भरवशाची, कारण तिच्यात क्लीनर, क्लॅम्प, आधाराची पट्टी आणि बोल्ट एकत्र रेखाटलेले असतात. अशा पुस्तिकांच्या पुनर्मुद्रित प्रती आज विकत मिळतात, आणि एका खोट्या क्लीनरच्या किमतीपेक्षा त्या नक्कीच स्वस्त पडतात.

सहावी पायरी: भांडे आणि झाकण एकाच घरचे आहेत का

अर्धा खरा क्लीनर ही बाजारातील सर्वांत फसवी वस्तू आहे. भांडे एका गाडीचे आणि झाकण दुसऱ्या गाडीचे घेऊन, वर एकच रंग मारून जोडी बनवली जाते. ती ओळखण्यासाठी झाकण उचलून कडांचे निरीक्षण करावे: खूप वर्षे एकत्र राहिलेल्या भागांवर गास्केटचा ठसा दोन्हीकडे सारख्याच जागी आणि सारख्याच रुंदीचा असतो, तसेच आतल्या गंजाची आणि तेलाच्या डागांची रेषा एका भागावरून दुसऱ्या भागावर सलग जाते.

जोडकामाची पद्धतही पाहावी. त्या काळातील डबे दाबून घडवलेल्या पत्र्याचे असून त्यांचे भाग ठिपक्यांच्या वेल्डने किंवा कडा दुमडून जोडलेले असत. सलग, फुगीर वेल्डची रेषा दिसली तर ती दुरुस्ती आहे. लोहचुंबक सर्व बाजूंनी फिरवावा. एखाद्या जागी तो सैल धरत असेल तर तेथे खड्डा पुटीने भरलेला आहे. पंखी नट आणि मधला दांडा यांचे आटेही तपासावेत, कारण अमेरिकन गाडीचे आटे इंचातले असतात. पाव इंची, इंचाला २० आट्यांच्या दांड्याची जाडी साधारण ६.३५ मिलिमीटर असते, आणि नव्या ६ मिलिमीटर नटाशी तो जुळत नाही. नट मेट्रिक निघाला तर निदान नट आणि दांडा तरी नवे आहेत. हा बदल किरकोळ असतो, पण तो कोणीतरी केला होता एवढे कळते, आणि बाकीच्या भागांकडे अधिक संशयाने पाहण्यास ते पुरेसे आहे.

सातवी पायरी: काळाशी न जुळणाऱ्या नळ्या

१९५० च्या आसपासच्या साध्या पिकअपमध्ये इंजिनातील वाफा खाली सोडणारी उघडी नळी असे, आणि एअर क्लीनरचा त्या वाफांशी संबंध नसे. वाफा पुन्हा इंजिनात ओढून घेणारी झडप कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून आली आणि नंतर देशभर पसरली. म्हणून जुन्या पिकअपच्या क्लीनरच्या बाजूला रबरी नळीसाठी गोल तोंड असेल, तर तो डबा बहुधा १९६० च्या दशकातील आहे. त्याचप्रमाणे क्लीनरच्या सोंडेला खालून एक्झॉस्टजवळची गरम हवा घेणारी नळी आणि आत तापमानानुसार हलणारी झडप असेल, तर ती व्यवस्था १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेली आहे. १९७० च्या सुमाराच्या पिकअपसाठी हेच भाग उलट हवेहवेसे असतात, कारण ते बहुतेक गाड्यांवरून काढून फेकले गेले. अशा गाडीच्या क्लीनरची सोंड कापलेली नाही ना, गरम हवेचे तोंड पत्र्याने बुजवलेले नाही ना, आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांची टोके शाबूत आहेत ना, हे विशेष पाहावे.

शेवटी रंग आणि स्टिकर

त्या काळातील शेव्हरोलेट पिकअपचा क्लीनर चकचकीत काळ्या रंगाचा असे, इंजिनाच्या राखी रंगाचा नव्हे; इंजिनाबरोबर एकाच फवाऱ्यात रंगवलेला क्लीनर नंतरच्या हाताचे काम आहे. मूळ रंगाचा थर पातळ असतो आणि दाबून काढलेल्या अक्षरांच्या कडा त्यात तीक्ष्ण दिसतात. पावडर कोटिंगमुळे त्याच कडा गोलावतात आणि ठसे भरून जातात. मूळ रंगाचा थोडा तरी अंश शोधायचा असेल तर तो झाकणाच्या कडेखाली, क्लॅम्पखाली आणि तळाच्या खोबणीत सापडतो.

स्टिकरबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ते पुरावा म्हणून जवळजवळ शून्य आहेत. जुने स्टिकर पाण्यात भिजवून सरकवण्याच्या प्रकारचे असत, आणि त्यांच्या उत्तम प्रतिकृती आज कोणालाही मिळतात. जुन्या स्टिकरवर देखभालीच्या सूचना असत: कोणत्या हवामानात कोणते तेल घालावे, उदाहरणार्थ गोठणबिंदूच्या वर एसएई ५० आणि त्याखाली एसएई २०. स्टिकर उपयोगी पडतो तो हरवल्यावर: ज्या जागी तो होता तेथील रंग कमी फिका पडलेला असतो आणि त्या चौकटीचे माप मूळ स्टिकरच्या मापाशी ताडून पाहता येते. अशी चौकट सापडली तर तिच्यावर नवा स्टिकर लावून ती झाकू नये.

दुरून विकत घेताना

परदेशातील विक्रेत्याकडून क्लीनर मागवताना छायाचित्रात बहुधा वरचा चकचकीत भागच दाखवलेला असतो. आपण मागावयाची छायाचित्रे वेगळी आहेत: तळ, गळ्यावर ठेवलेला कॅलिपर आणि त्याचा आकडा वाचता येईल असे जवळचे चित्र, झाकण उघडून भांड्याचा आतला भाग, तेलाच्या पातळीची रेषा, आणि असेल तो प्रत्येक ठसा. तो कोणत्या गाडीवरून काढला असे न विचारता कोणत्या इंजिनावरून आणि कोणत्या कार्बोरेटरवरून काढला असे विचारावे. "५० च्या सुमाराच्या सगळ्या शेव्हीला बसतो" असे उत्तर आले, तर विक्रेत्याने माप घेतलेले नाही असे समजावे. ऑइल बाथचे भांडे तळाला गंजून बारीक छिद्रे पडलेले असते आणि रंगाखाली ते दिसत नाही. त्यात रात्रभर रॉकेल भरून ठेवून गळती पाहायला विक्रेता तयार नसेल, तर किंमत त्या हिशेबाने लावावी.

वस्तू हातात आल्यावर तपासणी पूर्ण झाली की ती रॉकेलने धुवावी, पेट्रोलने नव्हे; पेट्रोलची वाफ बंद जागेत पेट घेते, आणि जुन्या जाळीत अडकलेले पेट्रोल इंजिन सुरू करताना धोक्याचे ठरते. ऑइल बाथमध्ये तेल रेषेपर्यंतच भरावे. कमी भरल्यास धूळ आत जाते, जास्त भरल्यास तेल कार्बोरेटरमध्ये ओढले जाते. पहिल्यांदा बसवल्यावर बॉनेट आपटून लावू नये. पंखी नटावर मऊ मातीचा किंवा मेणाचा गोळा ठेवून बॉनेट हळू टेकवावे, पुन्हा उघडून गोळा किती दबला ते मोजावे, आणि इंजिन आपल्या रबरी माउंटवर हलते हे लक्षात घेऊन अर्ध्या इंचापेक्षा कमी जागा उरत असेल, तर क्लॅम्प पूर्ण खाली बसला आहे का, गळ्याखालचे गास्केट जाड तर नाही ना आणि इंजिनाचे माउंट बदललेले तर नाहीत ना, हे पुन्हा पाहावे.

त्यानंतर गाडीच्या कागदपत्रांत एक पान जोडावे: इंजिनाचा ओतीव क्रमांक आणि तारीख, कार्बोरेटरचा प्रकार, दोन्ही गळ्यांची मापे, क्लीनरवर सापडलेले सर्व ठसे, बदललेले नट-गास्केट, आणि सुरुवातीला सांगितलेल्या चार वस्तूंपैकी ही कोणती असे आपण ठरवले आणि कशावरून ठरवले ते. धुण्याआधी घेतलेली छायाचित्रेही त्याच पानाला लावावीत.